तळाची माती

आमच्या साडूंनी समुद्रालाही शिस्त लावली असती. तो लातूरपासून चारपाचशे किलोमीटर लांब पडला म्हणून इतकी वर्षं सुटला एवढंच. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे निलंग्याकडचे, पण लातुरात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान त्यांनी तीसेक वर्षं चालवलं. पासष्टी उलटल्यावर दुकान पुतण्याकडे दिलं आणि स्वतः जगाच्या दुरुस्तीला लागले. त्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातली माणसं आधी हसतात, मग भांडतात आणि शेवटी निमूट मदतीला लागतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाबरोबर चारपाच वायसर कायम असतात. कुणाच्या लग्नाला गेले की आहेर देण्याआधी ते हात धुण्याच्या जागी जातात आणि गळणाऱ्या नळाचा वायसर बदलतात. आमच्या मुलाच्या साखरपुड्यात व्याही मंडळी त्यांना मंगल कार्यालयाचा प्लंबर समजली होती. त्यांनी तो गैरसमज दूर केला नाही, उलट स्वयंपाकघरातला नळ कुठे आहे ते विचारून घेतलं.

उंची आणि खोली ते परसात मोजतात. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरी याच मापाने मोजल्या जायच्या, आता साडू सोडले तर कुणी मोजत नाही. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या हिशोबाने पाच परस उंच आहे आणि तेवढ्या उंचीवर माणसाने राहू नये असं त्यांचं मत आहे. दुसरी त्यांची खूण म्हणजे डावा कान. त्या कानाने त्यांना अजिबात ऐकू येत नाही. त्यामुळे पंगतीत, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या उजव्या हाताला जागा पकडण्यासाठी आमच्यात झटापट होते. ज्यांना त्यांच्याशी बोलायचं नसतं ते गुपचूप डावीकडे बसतात. कान कशाने गेला याची मी त्यांच्या तोंडून चार कारणं ऐकली आहेत. एकदा दिवाळीचा सुतळी बॉम्ब, एकदा गणिताच्या मास्तरांची थप्पड, एकदा कानात शिरलेली गोम, आणि एकदा लग्नातला बँड. चारही गोष्टी ते इतक्या रंगवून सांगत की खरी कोणती हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

पण साडूंची खरी ओळख म्हणजे त्यांची विहीर. निलंग्याजवळ त्यांच्या भावाच्या शेतात ती आहे. बांधीव, पायऱ्यांची, आणि पाऊस बरा झाला तर मे महिन्यातही चार परस पाणी धरणारी. आमच्या नात्यातल्या झाडून सगळ्या पोरांना साडूंनी त्या विहिरीत पोहायला शिकवलं. पद्धत ठरलेली. पहिल्या आठवड्यात पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे, दुसऱ्या आठवड्यात एक, मग एकही नाही. कमरेला दोरी मात्र शेवटपर्यंत, आणि दोरीचं दुसरं टोक साडूंच्या मुठीला गुंडाळलेलं. इतक्या वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण हातपाय मारता आले म्हणजे पोहता आलं, असं ते मानत नसत. दम धरून सरळ तळाला जायचं, मूठभर माती उचलायची, वर येऊन त्यांच्यासमोर मूठ उघडायची. कुणी कपारीतली माती आणून फसवलं तर ते नुसत्या वासावरून ओळखत. तळाची माती आणली की जिलेबी मिळायची. रिकामं वर येणाऱ्याला काही शिक्षा नसे. साडू फक्त हसायचे, आणि काठावरची सगळी पोरं त्यांच्याबरोबर हसायची.

त्या विहिरीत मी छत्तिसाव्या वर्षी पोहायला शिकलो. मी लातूरचा असलो तरी माझं सगळं आयुष्य नळाची वाट बघण्यात गेलेलं, त्यामुळे बादलीपेक्षा खोल पाण्याशी माझा संबंध नव्हता. डबे सुटले, हातपाय चालू लागले आणि परीक्षेचा दिवस आला. मी खाली गेलो. हिरवं पाणी काळं झालं, कानात कुणीतरी दाभण खुपसावी तशी कळ आली आणि मी वर आलो. दोरी पायात अडकली असं सांगितलं. साडू हसले. तेव्हापासून वीसेक वर्षं ते माझी ओळख एकाच पद्धतीने करून देत आले. "हे आमचे साडू. बँकेत हायत. पवतेत, पर माती न्हाई आणली." मुलाच्या साखरपुड्यातही नळ दुरुस्त झाल्यावर त्यांनी व्याह्यांना हेच सांगितलं.

त्यांची नात ओवी नांदेडला असते. त्यांच्या मुलीची मुलगी, वय वर्षं अकरा. ओवीने नवव्या वर्षीच तळाची माती आणली होती, तीही दोन्ही मुठींत. साडूंनी त्या आनंदात आख्ख्या वाडीला जिलेबी वाटली. या पोरीने गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर समुद्राखालचे मासे पाहिले आणि पाठीला हवेची टाकी लावून खाली जायचं, म्हणजे स्कूबा करायचं, असं जाहीर केलं. तिच्या आईने फोनवरच निकाल दिला की नांदेडला गोदावरी आहे, तेवढं पाणी आपल्याला पुष्कळ आहे. ओवीने दोन दिवस जेवण टाकलं. हा हट्ट कुठून आला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तिच्यावर कुणी रागावलंही नाही. शेवटी आई एका अटीवर तयार झाली. आबा, म्हणजे साडू, स्वतः तिच्याबरोबर पाण्यात उतरणार असतील तरच. आबा म्हणाले, मी बघतो.

त्यांचं हे 'मी बघतो' भयंकर असतं. दुसऱ्याच दिवशी दुकानातलं एक लांबलचक कोरं रजिस्टर घरी आलं. किनाऱ्यावर स्कूबा शिकवणाऱ्या जितक्या जणांचे नंबर मिळाले तितके त्यात उतरले आणि साडू उजव्या कानाला फोन लावून एकेकाची झडती घेऊ लागले. एका लेकरामागं माणसं किती, लेकराच्या मापाचा चष्मा आहे का, टाकीतली हवा कोण तपासतं, होडीत प्राणवायूचं नळकांडं आहे का. एकजण गोड आवाजात म्हणाला की काका, टेन्शन घेऊ नका, पोहता नाही आलं तरी चालतं, दहा मिनिटांत शिकवतो. साडूंनी त्याच्या नावावर आडवी रेघ मारली. "ज्याला टेन्शन न्हाई त्याच्या हातात लेकरू कसं द्यावं?" असं ते मला म्हणाले. रजिस्टरमध्ये रेघांशिवाय काही उरेना. मग एके दिवशी एका बाईंचा फोन लागला आणि साडूंना बोलायलाच मिळालं नाही. मुलीचं वय काय, तिला दमा आहे का, सर्दी वारंवार होते का, कान कधी फुटला होता का, आणि खाली जायची हौस मुलीची आहे की तुमची, असं त्या बाईच विचारत राहिल्या. साडूंनी फोन ठेवला आणि अक्कांना, म्हणजे आमच्या मेहुणीबाईंना, हाक मारून सांगितलं की या बाईने मला आठ सवाल केले, आता हिच्याकडंच जायचं.

त्या ताईंनी नियम पाठवले आणि साडूंनी ते रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतले. एका मुलाबरोबर एक शिकलेला माणूस, हाताच्या अंतरावर. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव. खोली बेताची. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही. कान दुखायच्या आधी नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं म्हणजे कान मोकळा होतो, आणि नाहीच झाला तर जोर करायचा नाही, वर यायचं. कुणीही कधीही अंगठा वर दाखवला की त्याला वर आणायचं आणि का म्हणून विचारायचं नाही. हे सगळं साडूंना पटलं. पण यादीत पहिल्या नंबरवर जो नियम होता तो त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिला. श्वास कधीही रोखायचा नाही.

त्यानंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. शेजारचा नळ गळत होता, तिकडेही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाच परस चढून माझ्याकडे आले, पाणी प्याले आणि मला समजावून सांगू लागले. विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली नेतो. खाली पाण्याच्या दाबाने ती आवळते, वर आलं की पुन्हा होती तेवढी होते, काही बिघडत नाही. पण टाकी लावलेला माणूस खालीच श्वास घेतो. ती दाबातली हवा असते. ती कोंडून धरून वर आलं की छातीत फुगत जाते, आणि छाती काही ट्यूबसारखी दुसरी आणून बसवता येत नाही. म्हणून तोंडाने श्वास सतत चालू ठेवायचा. मी म्हटलं, बरं झालं कळलं, आता ओवीला सांगून टाका. साडू म्हणाले, "सांगून काय व्हतंय? घाबरलं की मानूस सांगितलेलं करीत न्हाई, शिकलेलं करतंय. अन् त्या पोरीला दम धरायला मी शिकवलंय. माती घेतल्याबिगर वर यायचं न्हाई हेबी मीच शिकवलंय."

मला वाटलं ते आता बेत रद्द करतील. पण शिकवलेलं काढून टाकायचं हे त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्या उन्हाळ्यात लातुरातल्या आमच्या सगळ्या नातलगांना त्याचा प्रसाद मिळाला. ओवी सुट्टीत आजोळी आली. रोज सकाळी शहरातल्या पोहण्याच्या तलावावर तिला बुडी मारून तोंडातून बुडबुडे सोडत, बाराचा पाढा म्हणत वर यायला लावायचं. कोणत्या आकड्याला बुडबुडा थांबला ते साडू काठावरून ओळखत आणि तिथून पुन्हा म्हणायला लावत. दिवसभर घरात ते मागून येऊन नुसतं "श्वास?" म्हणायचे, आणि ओवीच काय, सुरणाची भाजी चिरणाऱ्या अक्कासुद्धा दचकून श्वास सोडायच्या. घराच्या जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीला नाक धरून हळूच फुंकायचं. कॉलनीतल्या बायकांना वाटलं पोरीला जुनाट सर्दी आहे, त्यांनी काढे पाठवले. अक्का एकदा वैतागून म्हणाल्या, "पोरीला समुद्रात न्यायलेत का डॉक्टरकीच्या परीक्षेला बसवायलेत?" लातुरात उन्हाळ्यात लेकरांना परीक्षेच्या क्लासला बसवतात, त्यापलीकडे दुसरं काही करतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

अंगठ्याचं प्रकरण वेगळंच. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय', आणि सगळं ठीक असेल तर अंगठा आणि बोट जोडून गोल करायचा. ओवीच्या हाताला वळण लागावं म्हणून साडूंनी हा कायदा जमिनीवरही लागू केला. त्यांच्या 'संध्याकाळी येतो' या निरोपाला मी मोबाइलवर नेहमीसारखा अंगठा पाठवला, तर लगेच फोन आला की काय त्रास व्हायलाय. अक्कांच्या एका दूरच्या भाच्याचं लग्न औसा रोडच्या एका मंगल कार्यालयात होतं. नवरदेव स्टेजवर फोटोसाठी अंगठा वर करून उभा राहिला. साडू गर्दीतून वाट काढत स्टेजवर गेले आणि त्याच्या कानात विचारलं की तुला इथून निघायचंय का, तसं असेल तर आत्ताच सांग. नवरदेव पांढरा पडला. त्या लग्नाच्या पुढच्या सगळ्या फोटोंत नवरा-नवरी दोघंही बोटांचा गोल करून उभी आहेत आणि त्यामागचं कारण नवरीकडच्यांना अजून कळलेलं नाही.

यातलं सगळ्यात अवघड काम मात्र निराळं होतं. साडू तलावाच्या तळाला पितळी वाटी टाकायचे आणि ओवीला ती आणायला पाठवायचे. ती अर्ध्यात पोचली की पाण्यात हात घालून अंगठा दाखवायचे. म्हणजे वाटी सोडून वर यायचं. ओवी पहिला आठवडा एकदाही तशी आली नाही. खूण दिसली तरी आधी वाटी उचलायची आणि मगच वर. साडू वाटी घेऊन पुन्हा फेकायचे, आवाज चढवायचे नाहीत. आठव्या दिवशी ती रिकाम्या हाताने वर आली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबा, अजून दोनच हात राहिले होते." साडूंनी पिशवीतून पुडा काढला आणि तिला जिलेबी दिली. त्या दिवसापासून वाटी आणली तर काही नाही, रिकामं आलं तर जिलेबी. ओवीला हा सरळसरळ अन्याय वाटायचा. मलाही थोडा वाटला. वीस वर्षांपूर्वी मीही रिकाम्या हातानेच वर आलो होतो, आणि जिलेबी सोडाच, साधं 'बसा' कुणी म्हटलं नव्हतं.

दिवाळीनंतर समुद्र शांत असतो म्हणून तेव्हाचा दिवस धरला. निघण्याआधी साडूंनी ओवीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी कान तपासले, कागदावर सही केली. ताईंनी असाच एक कागद साडूंसाठीही पाठवला होता, तो त्यांनी खिशातून काढला नाही. मी आठवण केली तर ते वळून डावा कान माझ्याकडे करून बसले. गाडीने आम्ही चौघं निघालो, साडू, अक्का, ओवी आणि टॉवेल धरायला मी. कोल्हापूरच्या पुढे ओवीला एक शिंक आली. साडूंनी गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि दुसरी येते का याची पाव तास वाट पाहिली. दुसरी अक्कांना आली. ती मोजायची नाही असं ठरल्यावर गाडी सुटली.

किनाऱ्यावरच्या त्या ताई तिशीच्या, उन्हाने रापलेल्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ओवीचा कागद वाचला, तोंडात धरायची नळी तिच्या मापाची लावून पाहिली, चष्मा दोनदा बदलला. मग साडूंचा कागद मागितला. साडूंनी खिशातून घडी काढली. तो अजून कोराच होता. टेबलाशी बसून, चष्मा लावून ते एकेक ओळ भरू लागले. दमा नाही, हृदयविकार नाही. कानाचा काही त्रास आहे किंवा होता का, या ओळीशी पेन थांबलं. डावा कान बाहेरून उजव्यासारखाच दिसतो. 'नाही' असं लिहिलं असतं तर तिथे कुणालाही कळलं नसतं, आणि मी काही बोललो नसतो. शेजारी ओवी उभी होती. तिच्या आईने घातलेली अट आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होती, आणि साडू सहा महिने स्वतःही नाक धरून जिने उतरले होते. त्यांनी 'हो' लिहिलं. खाली तपशिलासाठी दोन ओळी जागा होती, त्यात न मावून ते समासात लिहीत गेले. त्यांच्या खांद्यावरून मी ते वाचलं. वय दहा. गावची विहीर. वडील काठावर उभे होते. कान लई दुखला, तरी माती घेतल्याबिगर वर आलो नाही. कानातून रक्त आलं. तवापासून ऐकू येत नाही.

बॉम्ब नाही, मास्तर नाही, गोम नाही, बँड नाही. वडील आधी कधी हसले होते म्हणून, की हसू नयेत म्हणून ते तळाला गेले, हे मी कधी विचारलं नाही. पण पुढे स्वतः काठावर उभं राहून त्यांनी आम्हा सगळ्यांना तेच करायला लावलं होतं, आणि हे त्यांना पहिल्या नंबरचा नियम लिहिताना कळलं असणार. ताईंनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला मी नेऊ शकत नाही." साडू म्हणाले, "ठाव हाय." मग त्यांनी तिथूनच नांदेडला लेकीला फोन लावला, आपला कान कसा गेला ते तिला पहिल्यांदा सांगितलं आणि आता पोरीला एकटीला पाठवायचं की नाही ते तूच ठरव म्हणाले. मग तिने ताईंना फोनवर घेतलं. मग ओवीला. आणि शेवटी हो म्हणाली.

कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास सराव झाला आणि होडी निघाली. होडीच्या नांगराची दोरी सरळ तळाला गेलेली होती, तिच्याच आधाराने ताई आणि ओवी उतरणार होत्या. ओवीने आम्हाला बोटांचा गोल दाखवला आणि पाण्याखाली गेली. साडू होडीच्या कडेला बसले आणि त्यांनी ती दोरी हातात घेतली, मुठीला एक वेढाही दिला. त्या दोरीला कुणी बांधलेलं नव्हतं. ते पाण्यावर येणारे बुडबुडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी उजव्या बाजूने जरा वाकलो तेव्हा कळलं की ते बाराचा पाढा म्हणत आहेत. बुडबुडे येत होते. तिचे लहान, ताईंचे मोठे. एका ठिकाणी बराच वेळ अडकल्यासारखे आले, मग थोडे सरकले, मग पुन्हा तिथेच आले. साडूंचा पाढा चालूच होता. आणि मग दोन डोकी वर आली. शेजारच्या होडीतली मुलं त्याच सुमारास उतरली होती, ती अजून खालीच होती.

ओवीने तोंडातली नळी काढली आणि हुंदके देऊ लागली. एक कान मोकळा होईना. ती थोडी वर आली, पुन्हा फुंकलं, पुन्हा खाली गेली, पुन्हा कळ आली. मग तिने अंगठा दाखवला. मासे दिसले नाहीत, एक गेला तो शेपटीकडूनच दिसला. "आबा, तळ दिसत होता. वाळू दिसत होती. दोन हात राहिले होते फक्त." साडूंनी एवढंच विचारलं की येताना श्वास चालू होता का. ती म्हणाली, "पाढा म्हणत आले." साडूंनी तिला होडीत ओढून घेतलं, टॉवेल माझ्याकडून हिसकला आणि तिचं डोकं इतकं जोरात पुसलं की ती रडायची थांबली. मग आपल्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. सकाळी गावात फिरून त्यांनी जिलेबी मिळवून ठेवली होती आणि मला वाटलं होतं की पोरगी समुद्राचा तळ गाठून आली म्हणून वाटायला ती आहे. "रिकामी आली," असं म्हणत त्यांनी ताईंना दिली, होडीवाल्याला दिली, किनाऱ्यावर परतल्यावर अक्कांना दिली. ते रडत होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

कान दुखतोय तोवर पुन्हा उतरायचं नाही असं ताईंनी सांगितलं आणि आम्ही दुसऱ्या दिवशी परत निघालो. ओवी कोल्हापूरपर्यंत फुरंगटून बसली होती, मग झोपली. कान आठवड्यात बरा झाला, पुढच्या दिवाळीचं आत्ताच ठरलं आहे आणि रजिस्टरमध्ये नवीन पान उघडलं आहे. आम्ही परतल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, काय काय पाहिलं पोरीने समुद्रात? साडू सांगायचे की वर आली. लोकांना त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. साडू समजावत बसायचे नाहीत, त्यांच्या घरचा नळ बरा आहे ना एवढं विचारून घ्यायचे.

या उन्हाळ्यात आम्ही निलंग्याला गेलो होतो. विहिरीला पाणी बेताचं, अडीच परस. आता तिथे तळाच्या मातीची परीक्षा नसते. पोरं खाली जातात, साडू पाण्यावर काठी आपटतात, आणि आवाज ऐकून जो जिथे असेल तिथून वर येतो त्याला जिलेबी. एक लहानगं दरवेळी माती घेऊनच येत होतं, त्याला ते न कंटाळता पुन्हा पुन्हा पाठवत होते. उन्हं उतरल्यावर पोरं घरी गेली आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. साडू पाण्याकडे बघत म्हणाले, "साडूभाऊ, त्या दिवशी तुमी वर आलात ते बरं केलं. मी हसायला नको व्हतं." वीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो असं मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो की दोरी वगैरे काही अडकली नव्हती, मला भीती वाटली होती. ते तसेच पाण्याकडे बघत राहिले. मी डाव्या बाजूला बसलो होतो. मग मी उठलो, मागून वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसलो आणि तेच पुन्हा सांगितलं.

"मलाबी," साडू म्हणाले.